खेळगटाचा प्रमुख : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोबाइलवर आणि संगणकावर गटाने खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. फोन कोणता घ्यावा, इंटरनेट कोणाचे चांगले, असे प्रश्न येतील अशी अटकळ होती. प्रत्यक्षात नागपुरातून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय गटाचा प्रमुख हाच निघाला. कोणी प्रमुखावर नाराज आहे, तर कोणी स्वतः प्रमुख होऊन जेरीस आले आहे. त्यांतील काही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चार मित्र बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, शेवटपर्यंत तग धरण्याचा बंदुकांचा मोबाइल खेळ) खेळतो आणि लहानमोठ्या ऑनलाइन स्पर्धांत उतरतो. चौघांत सर्वाधिक किल (टिपलेले शत्रू) माझे असतात. तरीही बाकीच्या दोघांनी चौथ्यालाच आयजीएल (इन-गेम लीडर, म्हणजे सामन्यात निर्णय देणारा प्रमुख) केले. नेमबाजीत तो माझ्या जवळपासही येत नाही आणि कित्येकदा सर्वांत आधी नॉक होतो (गोळी लागून कोसळतो). अशा मुलाचे मी का ऐकायचे? (विद्यार्थी, मानेवाडा)

उत्तर : तुमची नेमबाजी चांगली आहे हे तुमच्या मित्रांना ठाऊक असणारच, म्हणूनच त्यांनी तुम्हाला बंदुकीपाशी ठेवले असावे. आयजीएलचे काम वेगळे आहे. खेळाडूंना सोडणाऱ्या विमानाचा मार्ग दिसताच उतरायचे कोठे, पोचिंकीसारख्या गर्दीच्या गावात की कडेच्या एखाद्या ओसाड वस्तीत, लूट (शस्त्रे-सामान गोळा करणे) पुरे कधी म्हणायची, झोन (खेळाचे सुरक्षित वर्तुळ) आकसू लागल्यावर त्याच्या कडेकडेने सरकायचे की आधीच मध्यावर एखादे घर धरून बसायचे, शेजारी दोन संघ एकमेकांवर तुटून पडलेले असताना आपण तिसरे म्हणून घुसायचे की श्वास रोखून बसायचे, हे सारे त्याने ठरवायचे असते. आणि हे ठरवताना त्याची अर्धी नजर नकाशावर असते. तो आधी नॉक होतो याचे एक कारण बहुधा हेच आहे.

स्पर्धेचा हिशेबही पाहा. एका सामन्यात साधारणतः चौघांचे १६ संघ उतरतात. सध्याच्या प्रचलित गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५ असे गुण उतरत जातात, तळाच्या निम्म्या संघांना क्रमांकाचा एकही गुण मिळत नाही, आणि प्रत्येक फिनिशचा (म्हणजे किलचा) १ गुण वेगळा धरला जातो. म्हणजे चौघांना टिपून तेराव्या क्रमांकावर बाद झालेला संघ ४ गुण घेऊन परततो आणि एकही फिनिश न करता दुसऱ्या क्रमांकापर्यंत तग धरलेला संघ ६ गुण नेतो. तुमचे किल मोलाचे आहेत, पण तुम्ही जिवंत राहून ते करावेत याची तजवीज दुसऱ्या कोणीतरी करायची असते.

एक उदाहरण घेऊ. एरँगल या नकाशात तुम्ही दक्षिणेच्या बेटावर, लष्करी तळावर उतरलात आणि झोन उत्तरेला पडला. मुख्य भूमीवर जायला पूल दोनच, आणि पुलाच्या तोंडाशी कोणीतरी दबा धरून बसलेले असण्याची शक्यता मोठी. गाडी पुलावर घालायची, बोट शोधायची की पोहून जायचे? एक म्हणतो थांबू, दुसरा म्हणतो पूल मोकळा दिसतोय, तिसरा अजून आठपट दुर्बिणीच्या शोधात हँगरमध्ये फिरतोय. यांपैकी कोणताही मार्ग चौघांनी मिळून वेळेवर धरला तर बहुतेकदा निभावून जाते; निभावत नाही ती आकसत्या झोनच्या निळ्या भिंतीने पाठ गाठेपर्यंत चाललेली चर्चा. म्हणून प्रमुखाकडून मी पहिली अपेक्षा करतो ती वेळेवर बोलण्याची. त्याचा निर्णय दर वेळी सर्वोत्तम असेलच असे नाही, पण तो ऐन वेळी, थोडक्या शब्दांत आणि आवाज न चढवता यायला हवा.

तुमचा मित्र हे काम बरे करतो की नाही, हे एका सामन्यावरून ठरवू नका. दहापंधरा सामने झाल्यावर तीन गोष्टी तपासा. सामना संपल्यावर ‘तिथे का वळलो’ असे विचारले तर त्याच्याकडे कारण असते का? स्वतः बाद झाल्यावर तो उरलेल्यांना शत्रूची दिशा सांगून गप्प बसतो, की त्यांच्या कानाशी ओरडत राहतो? आणि तुम्ही दिलेली माहिती, ‘उजवीकडे भिंतीमागे दोघे’ एवढीच का असेना, त्याच्या पुढच्या निर्णयात दिसते का? या तिन्हींत तो उणा पडत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे आणि ती चौघांनी बसून बोलावी. तसे नसेल, तर एखाद्या आठवड्याच्या स्क्रिमपुरते (सराव सामन्यांपुरते) नेतृत्व स्वतःकडे मागून घ्या. माझा अंदाज असा की तुमचे किल त्या आठवड्यात उतरतील. ते उतरूनही संघाचा क्रमांक वर गेला, तर आयजीएल बदलण्याचा आग्रह जरूर धरा.

प्रश्न : इतवारीत माझे कापडाचे दुकान आहे, वय ४१. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल खेळातील आमचा क्लॅन (गट) मी काही वर्षांपासून चालवतो. पन्नासच्या पन्नास जागा भरलेल्या आहेत, पण वॉर (दुसऱ्या क्लॅनशी लढत) लावली की निम्मे लोक अटॅकच करत नाहीत. त्यातच जो तो को-लीडर (उपप्रमुख) करा म्हणून मागे लागतो. सरसकट काढून टाकावे काय? (व्यापारी, इतवारी)

उत्तर : सरसकट काढू नये. दोष माणसांचा किती आणि वॉर लावण्याच्या पद्धतीचा किती, हे आधी तपासावे असे मी सुचवेन.

फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली आणलेल्या या खेळात एका क्लॅनमध्ये ५० जण मावतात, म्हणून पन्नासांनीही लढलेच पाहिजे असे नाही. वॉर पाचापाचाच्या टप्प्याने लहान करता येते, आणि प्रत्येक खेळाडूला आपण वॉरसाठी तयार आहोत की नाही हे हिरव्या वा लाल खुणेने आधीच दाखवता येते. जे हिरव्या खुणेत आहेत तेवढेच घ्यावेत, मग वॉर पंधरा जणांची झाली तरी हरकत नाही. पंधरा जणांनी, प्रत्येकी दोन याप्रमाणे, तीसच्या तीस अटॅक केलेली वॉर हरली तरी त्यातून काही शिकता येते. चाळीस जणांची वॉर अर्धवट अटॅकवर हरली की जे लढले त्यांचाच उत्साह मावळतो, आणि चांगले खेळाडू असेच, काही न बोलता, एके दिवशी दुसऱ्या क्लॅनमध्ये दिसतात. बाहेर पडायला त्यांना एक बटण पुरते. दुकानातल्या नोकराला पगार असतो, येथे तोही नाही. आपल्या हातात त्यांना थोपवून धरणारे दुसरे काहीही नाही, हे लक्षात ठेवूनच प्रत्येक नियम करावा.

वेळेचाही विचार करावा. वॉरमध्ये सुमारे एक दिवस तयारीचा आणि एक दिवस लढाईचा असतो. म्हणजे आज लावलेल्या वॉरचा खरा भार उद्या रात्री आणि परवा दिवसभर पडतो. आपण दुकान वाढवल्यावर, रात्री दहाला वॉर लावत असाल तर लढाईचे शेवटचे तास लोकांच्या कामधंद्यात जातात की घरी असण्याच्या वेळेत, हे मोजून पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धे शहर मारबतीच्या मिरवणुकीत असते आणि इतवारीकराला ते मी काय सांगावे. विजयादशमीच्या सुमारास क्लॅनमधील काही मुले दीक्षाभूमीवर येणाऱ्यांच्या सेवेत दिवसरात्र गुंतलेली असणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीवाले नसल्यातच जमा. चांगल्या प्रमुखाला आपल्या गटाचे असे पंचांग पाठ असते. त्या दिवसांत वॉर लावली नाही, तर ‘अटॅक का केला नाही’ हा प्रश्नच उरत नाही.

एवढे करूनही कोणी हिरवी खूण ठेवून दोनदा अटॅक बुडवले, तर त्याला प्रथम खासगीत विचारावे. फोन बिघडला असेल, घरात कोणी आजारी असेल. तिसऱ्या वेळी पुढच्या वॉरमधून वगळावे, आणि त्यानंतरही फरक नसेल तर निरोप द्यावा. हा क्रम क्लॅनच्या माहितीत दोन ओळींत लिहून ठेवावा आणि तो आपल्या मेहुण्यालाही लागू करावा. नियम कडक असल्याची तक्रार फारशी कोणी करत नाही. तो माणूस पाहून वाकतो अशी शंका आली की मात्र गट फुटायला लागतो.

आता को-लीडर. गणेशमंडळात मांडव घालायला रात्री उभा राहणारा वेगळा आणि फलकावरच्या यादीत नाव हवे असणारा वेगळा असतो, तसेच येथे आहे. को-लीडर वॉर सुरू करू शकतो आणि एल्डर (को-लीडरच्या खालचे पद) व साध्या सदस्यांना बाहेरही काढू शकतो. रागाच्या भरात एखाद्या को-लीडरने रातोरात अर्धा क्लॅन रिकामा केल्याचे प्रकार या खेळात नवे नाहीत. म्हणून जो पद मागतो त्याला आधी काम द्यावे. नव्या मुलांचे गाव पाहून कोणते सैन्य वापरावे ते सांगणे, वॉरच्या नकाशावर कोणी कोणावर हल्ला करावा याची आखणी करणे, हे महिनाभर न कंटाळता केले तर पद द्यावे. क्लॅन वॉर लीग या स्पर्धेत सात दिवस, रोज एकच अटॅक असतो आणि शेवटी जादा पदकांचे वाटप प्रमुख मंडळींच्या हाती येते. ते वाटप कोणत्या हिशेबाने होणार, हे लीग सुरू होण्याआधीच जाहीर करावे. गटांत सर्वांत जास्त कडवटपणा येतो तो पराभवानंतर नव्हे, वाटपानंतर, असे माझे निरीक्षण आहे.

प्रश्न : मी नोकरी करणारी मुलगी आहे. आमच्या गेमिंग ग्रुपमध्ये आम्ही दोघीच मुली आहोत. माइक सुरू केला की एक खेळाडू घाणेरडे बोलतो. प्रमुखाला सांगितले तर तो म्हणतो, ‘इग्नोर कर ना, तो आपला बेस्ट प्लेअर आहे; नाहीतर तू माइक बंद ठेव.’ मी अतिसंवेदनशील आहे का? (धरमपेठ)

उत्तर : नाही. आणि तुमच्या प्रमुखाने काहीच केले नाही असे समजू नका. त्याने निर्णय दिलेला आहे. त्या खेळाडूचे किल तुमच्या सन्मानापेक्षा मोठे आहेत, असा तो निर्णय आहे. फक्त तो तसा उच्चारायला त्याला संकोच वाटतो.

माइक बंद ठेवण्याचा सल्ला खेळाच्या दृष्टीनेही खुळचट आहे. चौघांच्या संघात एकाने बोलायचे थांबवले की संघाचे दोन डोळे मिटले. तुमच्या मागून येणारी पावले फक्त तुम्हाला ऐकू येत असतात. ती सांगायला तुम्ही कचरलात तर बाद होणाऱ्यांत तो ‘बेस्ट प्लेअर’ही असतो. नागपुरात मित्रामित्रांत ‘बे’ म्हणण्यावाचून वाक्य पुरे होत नाही, सामना रंगात आला की हिंदी-मराठी-वऱ्हाडीची मिसळ होते, त्यात एखादी शिवी हवेत जाते, हे मी जाणतो. ते वेगळे, आणि एका व्यक्तीला ती मुलगी आहे म्हणून लक्ष्य करणे वेगळे. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती गट देऊ नये.

प्रमुखाने काय करायला हवे होते, तेही स्पष्ट सांगतो. असे बोलणे कानावर पडताच, सामना चालू असला तरी, सर्वांसमक्ष एका वाक्यात ‘हे येथे चालणार नाही’ म्हणायचे. सामना संपल्यावर त्या खेळाडूशी खासगीत बोलायचे. पुन्हा घडले तर काढून टाकायचे आणि का काढले ते गटाला सांगायचे. तुमच्याकडून पुरावे मागत बसायचे नाही, कारण तो स्वतः त्याच व्हॉइस चॅटमध्ये बसलेला होता.

‘असे केले तर आपण हरू’ या भीतीला एक उत्तर खेळाच्या इतिहासात आहे. २०१८ साली डोटा २ या खेळातील ओजी संघाचे दोन मुरलेले खेळाडू ऐन हंगामात दुसऱ्या संघात गेले. कर्णधार योहान सुंडस्टाइन, ज्याला जग ‘नोटेल’ म्हणून ओळखते, त्याने उरलेल्यांसह नवा संघ बांधला. आपसातील विश्वास आणि मैत्री हा त्या संघबांधणीचा पाया असल्याचे तो उघडपणे मांडत आला आहे. हा संघ खुल्या पात्रता फेरीतून वर आला आणि व्हँकुव्हरला ‘दि इंटरनॅशनल’ ही त्या खेळाची सर्वोच्च स्पर्धा जिंकला. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, त्याच पाच जणांनी ती पुन्हा जिंकली. त्याआधी कोणत्याही संघाला ती दोनदा जिंकता आली नव्हती. सभ्यपणाने चषक मिळतो असा दावा मी करणार नाही. पण चांगला खेळाडू गेला म्हणजे संघ संपला, हे खोटे आहे एवढे यावरून नक्की दिसते.

तुमच्यापुरते सांगायचे तर त्या खेळाडूला म्यूट करून खेळातील सोयीने रिपोर्ट करा, बोलणे लेखी असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. प्रमुखाला एकदाच, लेखी, कळवा. आठवड्यात काही झाले नाही तर दोघींनी तो गट सोडावा. धमकी किंवा खासगी फोटोंचा विषय निघाला तर मात्र वाट पाहू नका. १९३० हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, अशा छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करावी.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो तीस मुलांच्या गटाचा ‘लीडर’ आहे आणि यातून नेतृत्वगुण येतात असे तो मला ऐकवतो. रात्री बारापर्यंत खेळ चालतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का? (गृहिणी, प्रतापनगर)

उत्तर : थोडे आहे. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मे २००८च्या अंकात बायरन रीव्ह्ज, टॉमस मॅलोन आणि टोनी ओ’ड्रिस्कॉल यांनी ऑनलाइन खेळांतील नेतृत्वावर लेख लिहिला होता. अशा खेळांत निर्णय झटपट घ्यावे लागतात, अपयशाचे अवडंबर होत नाही आणि नेतृत्व तात्पुरते असते, आज पुढे असलेला उद्या दुसऱ्याच्या मागे आनंदाने चालतो, अशी त्यांची मांडणी होती. या शेवटच्या गोष्टीवर आपण बोट ठेवावे. ‘तू शेवटचा दुसऱ्याच्या हाताखाली कधी खेळलास?’ असे त्याला विचारा. ‘गेल्या महिन्यात गट कोणी सोडला, आणि का?’ हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे असतील, एखाद्या मित्राच्या चाचणीच्या आदल्या रात्री ‘तू आज खेळू नको’ असे त्याने स्वतःहून म्हटले असेल, तर तो काही शिकतो आहे. नाहीतर ती नुसती पदवी आहे.

रात्री बाराचे मात्र समर्थन होऊ शकत नाही. तो बीजीएमआय खेळत असेल तर एक गोष्ट तपासा. २०२३ मध्ये तो खेळ भारतात परतला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा घालण्यात आली. आपला मुलगा त्याहून जास्त खेळत असेल, तर खाते कोणाच्या वयाने उघडले आहे ते पाहायला हवे. आपण सरळ खेळ बंद केला तर तो चोरून खेळेल. त्याऐवजी गटाची शेवटची वेळ साडेनऊ ठरवून ती त्यानेच तिसांना कळवावी, असे सुचवून पाहा. तीस घरांतील पालक आपले आभार मानतील.

प्रश्न : आमचा प्रमुख दर रविवारी रूम (खेळातील खासगी सामना) लावतो. प्रत्येकाकडून ५० रुपये घेतो आणि जिंकणाऱ्याला त्यातले काही देतो. उरलेल्याचा हिशेब विचारला की चिडतो. (सक्करदरा)

उत्तर : पैसे देणे आजच थांबवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून आणि पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. ते खेळवणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. मान्यताप्राप्त ई-स्पोर्ट्स स्पर्धेचे प्रवेशशुल्क ही निराळी बाब आहे, आणि रविवारची घरगुती रूम त्यात बसते असे समजण्याचे कारण नाही. हिशेबाचे म्हणाल तर, जो प्रमुख पन्नास रुपयांचा हिशेब विचारल्यावर चिडतो त्याच्याविषयी मला आणखी काही लिहायचे नाही.

प्रश्न : नोकरीसाठी मी पुण्याला चाललो आहे. वेळ मिळणार नाही. आमचा क्लॅन आणि त्याचा डिस्कॉर्ड सर्व्हर (गटाच्या गप्पांची ऑनलाइन जागा) दुसऱ्याकडे कसा सोपवावा? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : जाण्याआधी महिनाभर सुरुवात करा. ज्याला नेमायचे त्याला आधी दोनतीन वॉर आखू द्या आणि तुम्ही त्याच्या आखणीप्रमाणे खेळा, म्हणजे गटाला त्याचे ऐकण्याची सवय लागते. दोघे तुल्यबळ असतील तर गटाला विचारा. पण जो इतरांना वाळीत टाकण्याच्या गोष्टी करतो तो कितीही लोकप्रिय असला तरी त्याला नेमू नका. क्लॅनमध्ये को-लीडरला लीडर केले की आपण आपोआप को-लीडर होतो, आणि डिस्कॉर्डमध्ये सर्व्हरची मालकी सेटिंगमधून सदस्याच्या नावे करता येते. दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर क्लॅनचा प्रमुख एक आणि सर्व्हरचा मालक दुसरा अशी विचित्र अवस्था होते. कोणाला पूर्वी का काढले होते, कोणाच्या घरी रात्री नऊनंतर फोन चालत नाही, कोणते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, हे नव्या प्रमुखाला समोर बसून सांगा; ते ग्रुपवर लिहू नका. पुण्याला पोहोचल्यावर वेळ मिळेल तेव्हा साधा सदस्य म्हणून खेळत राहा, आणि त्याच्या पहिल्या दोनचार वॉरमध्ये त्याने विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका.